ब्लॉक नंबर शून्य

१२ एप्रिल, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद काम चालू असतानाच करावी. नंतर लोक विचारतात तेव्हा तारखा आठवत नाहीत. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही, पण विचारतील.

काम असं. धंतोलीतल्या चार हॉस्पिटलांच्या रक्तपेढ्या एका प्रायव्हेट ब्लॉकचेनवर आणायच्या. रक्ताची कोणती पिशवी कुठे आहे, कोणाला गेली, हे चारही ठिकाणी एकदम दिसणार आणि एकदा लिहिलेलं कोणाच्या बापाला खोडता येणार नाही. चार हॉस्पिटलांत चार कॉम्प्युटर, त्यांना म्हणायचं नोड. त्यांच्यावर जो प्रोग्राम चढवायचा तो स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. चढवणं म्हणजे डिप्लॉय. आणि हे सगळं उभं करणारा आर्किटेक्ट म्हणजे मी, प्रेमानंद गजभिये.

मिहानमधल्या आमच्या छोट्या कंपनीचा मालक हर्षित. माझ्याहून बराच लहान. त्याने शब्द दिलाय की हे चाललं तर ब्लॉकचेनचा हेड मी. नाही चाललं तर परत हजेरीच्या मशीन. अर्धं आयुष्य मी विदर्भभर त्या मशीन दुरुस्त करत हिंडलो. लोकांचे अंगठे रुमालाने पुसून दिले. आता पुरे.

आईला सांगून टाकलं की हेड झालो. होणारच आहे, मग ताटकळत कशाला ठेवायचं.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. सुट्टी. आई पांढरं लुगडं नेसून पहाटेच विहारात. परत आली तेव्हा अर्ध्या वस्तीला माहीत झालं होतं की इंदूबाईचा पोरगा हेड झाला. विहारातल्या शोभाताईंनी तर तिला पेढा भरवला म्हणे.

मग जेवताना तिने विचारलं की उद्घाटन कुठे. मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं तसा तिचा घास हातातच राहिला. त्याच हॉस्पिटलात ती आया होती. म्हणाली, त्या हॉलमंधल्या खुर्च्या मी किती वर्सं पुसल्या, प्रेमा. बसली नाई कदी. मले पयल्या लायनीत बसवशीन का गा?

म्हटलं, पहिल्या लायनीत, मधोमध.

संकल्प: काम वीस तारखेला संपवणार. उरलेले दिवस भाषणाची तयारी.

१५ एप्रिल, मंगळवार

धंतोलीत मीटिंग. चारही हॉस्पिटलांच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. वंदना. मोठ्या सर्जन. ऑपरेशन अर्ध्या रात्रीही करतात, पण उद्घाटन मुहूर्ताशिवाय करत नाहीत. त्यांच्या गुरुजींनी अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे तीस तारखेचा, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त काढून दिलाय.

मला गप्प बसता आलं असतं. पण समोर डॉक्टरांची रांग, शेजारी हर्षित, एसी एकदम चांगला. मी म्हणालो, मॅडम, नुसती फीत काय कापता, साखळीच्या पहिल्या ब्लॉकवरच मुहूर्ताची वेळ कोरून देतो. साखळीचा जन्मच मुहूर्तावर! मॅडम खूश. म्हणाल्या, अहो, ही तर पत्रिकाच झाली. हर्षितने टेबलाखाली माझा गुडघा दाबला. प्रमोशनचा दाब मला ओळखू येतो.

संध्याकाळी: घरी हे बोलायचं नाही. आमच्याकडे मुहूर्त चालत नाही. माझं लग्न टळटळीत दुपारी लागलं, कारण हॉल तेव्हाच रिकामा होता. आई ते अभिमानाने सांगते. आमच्या घरी घड्याळ पाहतेत, पंचांग नाई, हे तिचं आल्यागेल्याला ऐकवायचं वाक्य आहे. आणि मी काही मुहूर्त पाळत नाहीये. मी एका फाईलमध्ये एक आकडा टाकतोय. कस्टमरची रिक्वायरमेंट.

१७ एप्रिल, गुरुवार

जेनेसिस फाईल तयार. साखळीची ही पहिली फाईल. हिच्यावरूनच चारही नोड जन्म घेतात. तिच्यात वेळ लिहायची तर सेकंदांचा एक लांबलचक आकडा लागतो, तो काढून देणारी वेबसाइट असते. तिथे दोन रकाने होते, ग्रीनिच आणि लोकल. पहिला दिसला त्यात भरलं. नेटवर्क प्रायव्हेट, नोड धंतोलीत, ह्यात लंडनचा काय संबंध? अकरा-बारा म्हणजे अकरा-बारा. देशाच्या मधोमध राहणाऱ्या माणसाने वेळ दुसऱ्याला विचारू नये.

चारही नोड चालू. चौघे एकमेकांना दिसताहेत. सुंदर.

कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय केला. स्क्रीनवर अक्षरं आली: पेंडिंग.

दुपारी: पेंडिंग. सुरुवातीला असतं असं.

सहा वाजता: पेंडिंग. मशीनलाही दिवसाचा थकवा येतो. उद्या बघू.

१८ एप्रिल, शुक्रवार

कारण सापडलं. ऊन. दुसऱ्या हॉस्पिटलातला नोड गच्चीखालच्या खोलीत ठेवलाय. तिथे माणूस उकडेल तर कॉम्प्युटरचं काय. कूलर लावून घेतला, टाकीत स्वतः पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या बदलायला लावल्या. खोलीत इतकं गार झालं की दोन नर्सताई डबा खायला तिथे येऊन बसल्या.

कॉन्ट्रॅक्ट पेंडिंग. ब्लॉक नंबर शून्य. ब्लॉक म्हणजे वहीचं पान समजा. एक लिहून झालं की पुढचं उघडतं. आमचं पहिलं पानच उलटत नाहीये.

पुन्हा डिप्लॉय केला. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला नाव द्यावं लागतं. पहिल्याचं रक्त. ह्याचं रक्त फायनल.

१९ एप्रिल, शनिवार

अपेक्षा म्हणून एक मुलगी टीममध्ये आहे. हुशार आहे, पण हुशार आहोत हे तिला माहीत आहे. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, सर, ब्लॉक शून्यावरच अडकून राहिला, मले एकदा जेनेसिस फाईल दाखवा ना.

दाखवली नाही. जेनेसिस हे आर्किटेक्टचं काम, असं शांतपणे सांगितलं. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. शोभाताई ही तिची सख्खी मावशी. अपेक्षाने फाईलमध्ये मुहूर्त पाहिला की रविवारी विहारात आईला कळलाच. आणि फाईल बघून तिला दिसणार तरी काय? एक आकडा. त्याचा कशाशी संबंध नाही.

आज डिप्लॉय केलेल्याचं नाव रक्त फायनल पक्का.

२१ एप्रिल, सोमवार

फायरवॉल! मला पहिल्या दिवसापासून संशय होता. तिसऱ्या हॉस्पिटलातली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखण, बंद करायला लावली. त्यांचा माणूस नाही म्हणत होता, मी जबाबदारी घेतली.

तिच्यातूनच जोडलेले ओपीडीचे प्रिंटर बंद पडले. गडचिरोली, वर्धा, कुठकुठून पहाटेच्या गाडीने आलेले पेशंट कागदाविना उभे. एक म्हातारे बाबा मला डॉक्टर समजून जीभ दाखवायला लागले. डॉ. वंदनांचा फोन आला. आवाज शांत होता. सर्जन लोक शांतपणेच कापतात.

प्रिंटर चालू झाले. कॉन्ट्रॅक्ट पेंडिंग.

जबाबदारी मी घेतली होती हे मान्य. पण फायरवॉल जोडणाऱ्याने ती अशी नाजूक जोडायलाच नको होती.

२३ एप्रिल, बुधवार

हर्षितने केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, प्रेमाजी, होऊन राहिलं का नाही? सच बताओ. नाहीतर अपेक्षाले देतो ना मी. मी म्हणालो, अंतिम टप्प्यात आहे. तो म्हणाला, अंतिम टप्पा तर आपण सतरा तारखेलाच सुरू केला होता.

नवा कॉम्प्युटर मागितला, नाही म्हणाला. मग काय होणार? पावशेर दुधात सगळ्या वस्तीचा चहा करा म्हणतो हा माणूस. परत येऊन रागारागात तीन वेळा डिप्लॉय केलं. नावं द्यायची होती, दिली: हर्षित कंजूस, हर्षित महाकंजूस, आणि तिसरं इथेसुद्धा लिहीत नाही. पेंडिंगच राहणार आहेत, कोण वाचतंय.

छातीत धडधड होतेय. तिखट कमी करायला हवं. सावजीचं मटण बंद. सोमवारपासून.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज हसू येण्यासारखं काही नाही.

पहिल्या नोडच्या खोलीबाहेर एक माणूस घामाने निथळत आला. पुसदकडचा. बायको बाळंतपणात. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. दोन रक्तपेढ्या पायी पालथ्या घालून आला होता. माझा स्क्रीन पाहून म्हणाला, भाऊ, तुमच्या कंप्युटरात दिसते का गा, रक्त कोठी हाय तं? मी म्हणालो, तीस तारखेपासून दिसेल. त्याने एवढंच विचारलं, तीस तारीख कवा हाय? आणि उत्तर ऐकायला थांबला नाही, पुढच्या हॉस्पिटलकडे धावत सुटला.

मागून समजलं की पिशवी ह्याच गल्लीत, चौथ्या हॉस्पिटलात होती. त्याला मिळाली, उशिरा का होईना. बाई वाचली. आई अशीच पळायची, पदराखाली पिशवी धरून, असं तिच्यासोबतच्या आया सांगायच्या. मी हे काम हेड व्हायला करतोय की कशाला, असा विचार आला. मग वाटलं, हेड झालो तर दोन्ही होईल.

२७ एप्रिल, रविवार

आईने लुगडं काढून ठेवलं. निळ्या काठाचं. इस्त्रीवाल्याकडे माझ्याआधी तिचा नंबर. विहारातल्या बायांनीही यायचा हट्ट धरला तर ही म्हणाली, एकच पास हाय वं, सरकारी कार्यक्रम हाय. कार्यक्रम सरकारी नाही. पण मी मध्ये पडलो नाही.

बायको, प्रीती, फक्त इतकंच म्हणाली, चालू झालं का ते? म्हटलं, होईल. ती म्हणाली, मले नका सांगू, आईले सांगा. मग पोळ्या लाटत राहिली. ह्या घरात माझ्यावर विश्वास असलेलं एकच माणूस आहे आणि तेच पहिल्या रांगेत बसणार आहे.

२८ एप्रिल, सोमवार

लिहून ठेवतो, नीट.

अपेक्षा आली, दार लावलं. म्हणाली, सर, चारही नोड ठीक, लाईन ठीक, कॉन्ट्रॅक्ट ठीक. मग एकच गोष्ट उरते. पहिल्या ब्लॉकवर पुढची तारीख तं नाई ना टाकली? पहिल्या ब्लॉकची वेळ उलटल्याबिगर दुसरा ब्लॉक कोणी लिहीतच नाई. थांबून राहते सगळे.

एवढे दिवस. कूलर, फायरवॉल, ते जीभ दाखवणारे बाबा. साखळी बिघडलेली नव्हतीच. ती मुहूर्ताची वाट बघत बसली होती, आणि बसवली होती मी.

मी म्हणालो, हो. मुद्दाम टाकली आहे. शेड्यूल्ड लाँच.

बोलता बोलताच पटत गेलं. खरंच, असं शेड्यूल्ड लाँच कोणी केलं आहे? कोणी बटणसुद्धा दाबायचं नाही, बरोबर मुहूर्ताला साखळी आपोआप जागी होणार! हर्षितला जाऊन सांगितलं. तो उभाच राहिला. म्हणाला, प्रेमाजी, पहिले काहून नाही सांगितलं? डॉ. वंदनांना त्याने तिथूनच फोन लावला. त्यांनी गुरुजींना लावला.

अपेक्षा मात्र अडून बसली. सर, नवीन जेनेसिस बनवू, मागची तारीख टाकू, चहा पिऊन होईपर्यंतचं काम हाय. मग दोन दिवस टेस्टिंग करता येईन. मी म्हणालो, कस्टमरला शब्द दिलाय. ती म्हणाली, मावशीले मी काही सांगत नाई, तुम्ही त्याच्यासाठी घाबरत असान तं. मी म्हणालो, घाबरतंय कोण?

जाता जाता विचारते, वेळ ग्रीनिचची टाकली का आपली? मी तिच्यामागे दार लावून घेतलं. मी मशीन उघडत होतो तेव्हा ही शाळेत पाढे म्हणत असेल.

इतकी शांत झोप लागणार आहे आज.

३० एप्रिल, बुधवार. सकाळ

आई तयार. केसांना तेल, निळे काठ, पायात नवी चप्पल. ऑटोत सारखी विचारत होती, पयल्या लायनीत ना? हो, पहिल्या.

११.०५. हॉल भरलाय. आई मधोमध. खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखी बसली आहे, मागे टेकत नाही. मोठ्या पडद्यावर ब्लॉक नंबर शून्य. गुरुजी घड्याळाकडे बघताहेत.

दुपार

सगळं लिहिणं भाग आहे.

मुहूर्ताच्या जरा आधी डॉ. वंदना माईकवर गेल्या. माझं नाव घेतलं. म्हणाल्या, ह्या तरुणाने साखळीची पत्रिकाच मुहूर्तावर बांधली, स्वतःच्या कल्पनेने, आम्ही मागितलंही नव्हतं! मग माझ्या आईकडे वळून, आजी, काय संस्कार आहेत हो तुमचे!

टाळ्या पडल्या. आईने टाळी वाजवली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या शून्याकडे बघत राहिली.

मुहूर्त आला. नारळ फुटला. पडद्यावर शून्य.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच असतं. शून्य. मी माईक घेतला. विकेंद्रीकरणावर बोललो. विश्वासावर बोललो. शून्य. गुरुजी म्हणाले, मुहूर्त निर्दोष होता, पुढचं आमच्याकडे नाही. समोसे आले. समोसे संपले. डॉ. वंदना ऑपरेशनला निघून गेल्या, जाताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला कुठेतरी टाके पडल्यासारखं वाटलं.

अपेक्षाने लॅपटॉप उघडला, तो आकडा मांडला आणि हळूच म्हणाली, ग्रीनिचची टाकली, सर. ते साडेपाच तास मागं, आपल्याकडे पावणेपाचच्या आसपास चालू होईन.

मी म्हणालो, अशक्य. मग कोपऱ्यात जाऊन बसलो, पावणेपाचची वाट बघत.

संध्याकाळ

हॉल रिकामा झाला. खुर्च्या उचलायला माणसं आली. पहिल्या रांगेतली एकच उचलता येईना, तिच्यावर आई बसली होती. मी म्हटलं, आई, घरी जा. ती म्हणाली, तू म्हनला होता चालू होते. आता बसली तं पाहूनच उठतो.

पावणेपाचला थोडा वेळ होता तेव्हा शून्याचा एक झाला. मग दोन. साखळी जागी झाली आणि तेरा दिवस अडकलेलं सगळं एकामागून एक पडद्यावर उतरायला लागलं, भिंतीएवढ्या अक्षरांत. रक्त. रक्त फायनल. रक्त फायनल पक्का. हर्षित कंजूस. हर्षित महाकंजूस. आणि ते तिसरं.

हर्षित माझ्या मागे उभा होता. त्याने तिन्ही सावकाश वाचली. म्हणाला, डिलीट करा. मी सांगितलं की होत नाही. खोडता येत नाही, हाच तर ह्या तंत्रज्ञानाचा फायदा. चारही हॉस्पिटलांत दिसतंय.

ऑटोत, सीताबर्डी मागे पडली तेव्हा आई म्हणाली, मुहूर्त पाहाचाच होता तं नीट पाहाचा होता, गा.

२ मे, शुक्रवार

अपेक्षाने नवी जेनेसिस करून साखळी पुन्हा उभी केली. एक ओळ खोडता येत नाही, म्हणून जुनी अख्खीच पुसायला हर्षित स्वतः चारही हॉस्पिटलांत गेला. आज दुपारपासून पिशव्या दिसताहेत. चालतंय. चांगलं चालतंय, हे लिहायला मी इतका वेळ लावायला नको होता. हेड ती. मला परत हजेरीच्या मशीन. हर्षित रागावला नाही, हे जास्त लागलं. फक्त म्हणाला, प्रेमाजी, तुम्ही त्याच चांगल्या करता.

तसं पाहिलं तर शेड्यूल्ड लाँचची कल्पना माझी होती आणि ती यशस्वी झाली. थोडी उशिरा.

४ मे, रविवार

आई विहारातून आली. चप्पल काढून तिथेच भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं, ते हातात धरून ठेवलं.

शोभाताईंनी पायरीवर सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, काय वं इंदू, पोराचं काय झालं, हेड माही अपेक्षा झाली म्हन्ते? आणि आईने सांगितलं, पोरानंच सोडलं. म्हनला, पोरगी हुशार हाय, तिले होऊ द्या.

मी काही बोलणार होतो. ती म्हणाली, आत्ताच पंचशील घेतलं, खोटं बोलनार नाई म्हनून, अन् पायरी उतरली नाई तं खोटं बोलली. ह्या वयात. आता येत्या रविवारी पुन्हा घेतो.

मग पाणी प्यायली आणि आत गेली.

रोजनिशी घेऊन बसलो आहे. दर वेळी लिहितो तसं आजही कारण लिहायचं होतं. सुचत नाही.